‘वरीलपैकी कोणीही नाही’, पण मग कोण?

निवडणूक जवळ आली की आपल्या आदिलाबादच्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. “कोणालाही द्या हो, काय फरक पडतो?” पूर्वी हे वाक्य ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींचं होतं. आता ते पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आलं आहे. फक्त शेवट बदलला आहे: “मी तर नोटा दाबणार.”

मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिक्षक होतो. शिक्षक म्हटला की निवडणुकीचं काम चुकत नाही. शिक्के मारलेल्या मतपत्रिका मी मोजल्या, पुढे मतदान यंत्रांच्या पेट्या घेऊन बसमधून खेड्यापाड्यांत गेलो. त्यामुळे घरातली मुलं नोटाचा विषय काढतात तेव्हा मला त्यांना गप्प बसवावंसं वाटत नाही. त्यांची नाराजी खरी आहे. पण त्या बटणाने नेमकं काय होतं, काय होत नाही आणि आपल्यासमोर येणारी नावांची यादी मुळात कधी ठरते, हे त्यांना ठाऊक असावं. म्हणून हा लेख.

माणसं तीच, चिन्हं वेगळी

आधी आपल्याच मतदारसंघाकडे बघू. आदिलाबाद लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. इथली लढत गोंड आणि लंबाडा समाजांतल्या नेत्यांमध्ये होते आणि मराठी मतदार सीमेवरच्या मंडलांत कोणाच्या बाजूने झुकतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. बेला, जैनदकडे प्रचाराची भाषणं म्हणूनच मराठीतही होतात.

आता नावं पाहा. रमेश राठोड २००९ मध्ये तेलुगू देशमचे खासदार झाले. पुढे ते टीआरएसमध्ये गेले, तिथून काँग्रेसमध्ये, आणि २०२१ मध्ये भाजपमध्ये. जून २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. गोडम नागेश तेलुगू देशमचे आमदार आणि मंत्री होते. २०१४ मध्ये ते टीआरएसचे खासदार झाले. सोयम बापूराव २००४ मध्ये टीआरएसचे आमदार होते, २०१८ ची विधानसभा त्यांनी काँग्रेसकडून लढवली आणि २०१९ मध्ये ते भाजपचे खासदार झाले.

२०१९ च्या त्या लढतीत हे तिघेही समोरासमोर होते. भाजपचे सोयम बापूराव यांना ३,७७,३७४ मतं मिळाली, टीआरएसच्या नागेश यांना ३,१८,८१४ आणि काँग्रेसच्या राठोड यांना ३,१४,२३८. म्हणजे तिन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार पूर्वी दुसऱ्या एखाद्या पक्षात राहून आलेले होते. पाच वर्षांनी भाजपने आपल्याच खासदाराला तिकीट नाकारलं आणि ज्यांना हरवलं होतं त्या नागेश यांना पक्षात घेऊन उभं केलं. ते ९०,६५२ मतांनी निवडून आले. बीआरएसने आत्राम सक्कू यांना उभं केलं. ते २०१८ मध्ये आसिफाबादहून काँग्रेसच्या चिन्हावर अवघ्या १७१ मतांनी आमदार झाले होते. काँग्रेसने मात्र नवा चेहरा दिला. आत्राम सुगुणा सरकारी शाळेतल्या शिक्षिका होत्या, नोकरीचा राजीनामा देऊन त्या उभ्या राहिल्या आणि पावणेपाच लाखांहून जास्त मतं घेऊन दुसऱ्या आल्या.

यात कोणाला चांगलं-वाईट ठरवायचं नाही. पक्ष बदलणं बेकायदा नाही, आणि प्रत्येकाकडे त्याचं कारण असतं. पण मतदाराच्या जागी उभं राहून बघा. २०१९ मध्ये तुम्ही ज्या माणसाच्या विरोधात मत दिलं, २०२४ मध्ये तोच माणूस तुमच्या आवडत्या चिन्हावर उभा. मग मत माणसाला द्यायचं की चिन्हाला? बंद पडलेला सिमेंट कारखाना, आर्मूरकडे जाणारी रेल्वे, आदिलाबादचं विमानतळ ही आश्वासनं आपण इतक्या तोंडांतून ऐकली आहेत की कोणत्या पक्षाने कोणतं दिलं होतं हेसुद्धा आठवत नाही. नोटाची भाषा घरात आली ती इथून.

कोऱ्या मतपत्रिकेपासून बटणापर्यंत

माझ्या पुतणीने मला विचारलं, “काका, नोटा नव्हता तेव्हा लोक काय करायचे?”

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. मतदार आपल्याला हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायचा. नंतर एकाच मतपत्रिकेवर सगळी चिन्हं आली आणि शिक्का मारायची पद्धत सुरू झाली. ज्याला कोणीच नको, तो कोरा कागद घडी घालून टाकायचा किंवा दोन-तीन ठिकाणी शिक्के मारायचा. मतमोजणीत अशा मतपत्रिका ‘बाद’ म्हणून वेगळ्या निघत. कोणी चुकून बाद केली आणि कोणी मुद्दाम, हे मात्र सांगता येत नसे. काही मतपत्रिकांवर मजकूरही लिहिलेला असायचा. रस्ता नाही, पाणी नाही, क्वचित शिवीसुद्धा. ते वाचून आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि ती मतपत्रिका बादच्या गठ्ठ्यात ठेवायचो.

मतदान यंत्र आलं आणि हा मार्ग बंद झाला. यंत्रावर कोणतं तरी बटण दाबावंच लागतं. ज्याला कोणालाच मत द्यायचं नाही त्याच्यासाठी १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९-ओ हे कलम होतं. मतदाराने केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, नोंदवहीत तसा शेरा मारला जायचा आणि मतदाराने त्यापुढे सही किंवा अंगठा करायचा. पण खोलीत सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असायचे. गावात राहून त्यांच्या देखत “मला यातला एकही नको” असं सांगायची हिंमत कोण करणार? मत गुप्त राहिलंच नाही.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की नाकारणाऱ्याचं मतही गुप्तच राहिलं पाहिजे, त्यासाठी यंत्रावर वेगळं बटण द्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरामच्या विधानसभा निवडणुकांत ते बटण आलं. मतपत्रिकेवर काळी फुली असलेलं त्याचं चिन्ह २०१५ मध्ये मिळालं. ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केलं.

बटणाला दात किती?

इथे तरुण मंडळींचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते, असं अनेकांना वाटतं. लोकसभा आणि विधानसभेला तसं होत नाही. समजा एक लाख मतांपैकी नव्वद हजार नोटाला पडली आणि उरलेल्या दहा हजारांत एकाला सहा, दुसऱ्याला चार हजार मिळाली, तर सहा हजारवाला निवडून आला. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, त्या हिशोबातही नोटाची मतं धरली जात नाहीत. म्हणजे नोटामुळे कोणाचं डिपॉझिटसुद्धा जप्त होत नाही.

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत देशभर नोटाला जवळपास ६४ लाख मतं पडली, म्हणजे साधारण शंभरातलं एक. पण काही ठिकाणची उदाहरणं बोलकी आहेत. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख १,३५,००६ मतं मिळवून पहिले आले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २७,५०० मतं घेऊन. शिवसेनेचा उमेदवार तिसरा. युतीत ती जागा शिवसेनेला सुटली होती आणि स्थानिक भाजप कार्यकर्ते त्यावर नाराज होते. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्येही विश्वजित कदम यांच्यामागे नोटाच दुसरा होता, मतं २०,६३१. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतल्यावर नोटाला १२,८०६ मतं मिळाली.

आणि इंदूर. तिथे कितीतरी मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज काढून घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. काँग्रेसने मतदारांना नोटा दाबायचं आवाहन केलं आणि २,१८,६७४ जणांनी ते दाबलं. निवडून आलेल्या उमेदवाराचं मताधिक्य तरीही अकरा लाखांहून जास्त होतं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. नोटाची संख्या फुगली ती लढत आधीच संपलेली होती तिथे. जागा वाटपात गेली, उमेदवाराने माघार घेतली, समोर तगडं कोणी उरलं नाही. लोक मतदान केंद्रावर पोहोचले तेव्हा निवड करण्यासारखं फार थोडं शिल्लक होतं. आणि नोटाची मतं नेहमी सामान्य माणसाच्या वैतागातून येतात असंही नाही. पक्षाची यंत्रणाही ती आपल्या हिशोबासाठी वापरते.

दात असलेला नोटा कुठे आहे? स्थानिक निवडणुकांत. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या बोरी ग्रामपंचायतीत ८५ टक्क्यांहून जास्त मतं नोटाला गेली होती. रत्नागिरीच्या लांजा तालुक्यात एका गावी ४४१ वैध मतांपैकी २१० नोटाला पडली आणि १३० मतं मिळवणारा सरपंच झाला होता. हरियाणाने त्याच महिन्यात एक पाऊल पुढे टाकलं. नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत उभं राहता येणार नाही, असं तिथल्या आयोगाने ठरवलं. किनवट-माहूरकडच्या आपल्या नातेवाइकांच्या हातात ग्रामपंचायतीला असलेलं हे हत्यार आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला नाही, हे लक्षात ठेवा.

निजामाबादच्या शेतकऱ्यांनी काय केलं

नाराजी दाखवायचा दुसरा रस्ता आपल्या शेजारीच पाहायला मिळाला. २०१९ मध्ये निजामाबादच्या हळद आणि लाल ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना भाव मिळत नव्हता, हळद मंडळाची मागणी वर्षानुवर्षं पडून होती. त्यांनी बहिष्कार टाकला नाही, नोटाही दाबला नाही. १७८ शेतकरी स्वतः लोकसभेला उभे राहिले. एकूण उमेदवार झाले १८५. एका मतदान केंद्रावर यंत्राला बारा-बारा मतपत्रक युनिट जोडावी लागली. भिंतीला लागून मांडलेल्या त्या यंत्रांच्या रांगेचे फोटो देशभर गेले.

ते शेतकरी निवडून आले नाहीत. पण तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कन्या, विद्यमान खासदार कविता तिथे ७०,८७५ मतांनी हरल्या. जिंकलेल्या अरविंद धर्मपुरी यांनी हळद मंडळ आणण्याचं वचन बाँड पेपरवर लिहून दिलं होतं. मंडळ यायला वेळ लागला, त्यावरून त्यांना शेतकऱ्यांचे बोलही खावे लागले. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय निजामाबादला आलं. श्रेय कोणाचं यावर भांडणं चालू राहतील. पण हळदीचा प्रश्न सर्व पक्षांना टाळता येणार नाही असा झाला, हे त्या १७८ अर्जांचं काम.

या गोष्टीला जुना दाखला आहे. १९९६ मध्ये नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने त्रासलेल्या भागातून ४८० उमेदवार उभे राहिले, मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली. त्यानंतर लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली. आज ती २५,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. म्हणजे हा रस्ता उघडा आहे, पण स्वस्त नाही. निजामाबादला तो जमला कारण गावोगावचे शेतकरी आधीपासून संघटित होते आणि मागणी एकच होती.

दोन मतं, तरी तोच प्रश्न

पर्याय वाढले की समाधान वाढतं का? जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलाकडे बघा. आता ते आसिफाबाद जिल्ह्यात आहे. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर, लेंडीजाळा, भोलापठार अशा चौदा गाव-पाड्यांवर तेलंगणा आणि महाराष्ट्र दोघांचा दावा आहे. बहुतेक लोक मराठी बोलणारे. अनेकांची नावं दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत, दोन रेशनकार्डं, गावाला दोन सरपंच. २०२४ मध्ये चंद्रपूर लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि आदिलाबादचं १३ मे रोजी. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असायला हवं, पण इथे राज्यच ठरलेलं नाही.

दोन राज्यांच्या उमेदवारांतून निवडता येतं, दोन्हीकडचे नेते दारात येतात. तरी तिथल्या माणसाची पहिली मागणी जमिनीच्या पट्ट्याची. तो कसत आलेली जमीन कागदावर त्याच्या नावाची नाही. याद्या दोन मिळाल्या, पण त्याच्या प्रश्नासाठी बांधील असलेला एक माणूस मिळाला नाही. आपल्याला हवा आहे तो असा माणूस, आणि तो मतदानाच्या दिवशी बटणावर उगवत नाही.

यादी कधी ठरते?

मतदार जागा होतो मतदानाच्या आठवड्यात. यादी ठरते त्याच्या कितीतरी आधी. २०२३ च्या तेलंगणा विधानसभेचं मतदान ३० नोव्हेंबरला होतं. बीआरएसने ११९ पैकी ११५ उमेदवार २१ ऑगस्टलाच जाहीर केले होते. मुख्य खेळ श्रावणातच आटोपला होता, आपण मात्र दिवाळीनंतर बोलायला लागलो.

गावपातळीवर तर यादी कधीकधी बनतच नाही. बिनविरोध निवडीचं आपल्याला कौतुक असतं आणि एकोप्याने झाली तर ते योग्यच. पण नाशिक जिल्ह्यात उमराण्याला सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटींवर गेली आणि राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूकच रद्द केली. बिनविरोध झालं की मतदानच नाही, मग नोटाचं बटणही नाही. लोकसभेलाही सुरतमध्ये २०२४ ला असंच झालं. बाकीचे अर्ज बाद झाले किंवा मागे घेतले गेले आणि तिथल्या मतदाराला बोटाला शाई लावायची वेळच आली नाही.

म्हणून मी आमच्या घरातल्या मुलांना तीन कामं सांगतो, आणि ती मतदानाच्या दिवसाआधीची आहेत.

पहिलं, प्रतिज्ञापत्र वाचा. उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि दाखल गुन्हे शपथेवर लिहून द्यावे लागतात. निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर ते घरबसल्या दिसतं. गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर तो का दिला, याचं कारण पक्षाने निवडीनंतर ४८ तासांत जाहीर केलं पाहिजे, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजावलं आहे. ते कारण शोधा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा. जेवणाच्या ताटावर होणारी चर्चा एकदम बदलते.

दुसरं, पक्षातल्या ओळखीच्या माणसाला तिकीट ठरण्याआधी गाठा. प्रत्येक गल्लीत कोणत्या तरी पक्षाचा बूथ कार्यकर्ता असतोच, बहुतेक वेळा तो आपला मित्र किंवा नातेवाईक असतो. त्याला वरून विचारणा होते, “तुमच्याकडे कोण चालेल?” त्याच्या कानावर आपलं म्हणणं गेलेलं असलं पाहिजे. मत कोणाला हे सांगू नका, काय हवं ते सांगा. मराठी शाळेला शिक्षक, कापसाच्या हंगामात बाजार समितीत वेळेवर खरेदी, पैनगंगेचं पाणी शेतापर्यंत. गणपतीच्या आरतीला सगळ्या पक्षांचे इच्छुक आपल्या मंडपात येतातच. नारळ-शाल देऊन त्यांना वाटेला लावण्यापेक्षा दहा मिनिटं खुर्चीवर बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

तिसरं, एकविशी ओलांडलेल्यांनी ग्रामपंचायतीच्या वॉर्डाचा विचार गंभीरपणे करावा. आमदारकी-खासदारकीला पंचविशी लागते आणि पैसा लागतो. वॉर्डात माणसं ओळखीची, खर्च आवाक्यातला. आत्राम सुगुणा यांच्यासारखी शिक्षिका थेट लोकसभेपर्यंत जाऊ शकते, तर आपल्या घरातली पदवीधर लेक वॉर्ड सदस्य का होऊ नये? “आपल्यासारख्यांनी राजकारणात पडू नये” हे वाक्य आपण मुलांना लहानपणापासून ऐकवतो आणि मग यादीत चांगली माणसं नाहीत म्हणून हळहळतो.

एवढं सगळं करूनही मतदानाच्या दिवशी यादीतलं एकही नाव पटलं नाही तर? तर बिनधास्त नोटा दाबा. घरी बसलेला माणूस आळशी होता की नाराज, हे कोणालाच कळत नाही. नोटा दाबणारा उन्हात रांगेत उभा राहून आपलं म्हणणं नोंदवतो, आणि ती संख्या निकालपत्रकात छापली जाते. पुतणीला मी हेच सांगितलं. तिने अजून काही ठरवलेलं नाही, पण दोन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून झाली आहेत आणि तिसऱ्याच्या मालमत्तेच्या आकड्यावर ती घरातल्या सगळ्यांशी वाद घालते आहे.